जळक्या उसाचा खोडवा

सर्जेरावांनी भर दुपारी, वारं सुटलेलं असताना, तोडून झालेल्या उसाचं पाचट पेटवलं. शेजारच्या फारुकनं हात जोडले होते, "आबा, कुजू द्या रानात." पण आमच्या शेळगावात पाचट जाळल्याशिवाय खोडवा फुटत नाही, असं जुनी माणसं सांगतात आणि बाकीची माना डोलावतात. आग बांध ओलांडून फारुकच्या उभ्या उसात शिरली. ठिबकच्या नळ्या मेणासारख्या वितळल्या.

जळका ऊस घाईघाईनं कारखान्याला गेला. मागं राहिले काळे बुडखे. ते फुटले तरच खोडवा, म्हणजे पुढचं पीक, नाहीतर रान मोडून नवं बेणं लावायचं.

"मोडा आता," सर्जेरावांचा पुतण्या भीमा म्हणाला.

"मोडायचं न्हाय," फारुकची बायको मुनिरा म्हणाली. "मुळं जित्ती हायती."

नवराबायकोनं वाकून एकेक बुडखा कोयत्यानं जमिनीलगत छाटला. ठिबक गेलं म्हणून कुदळीनं सऱ्या ओढल्या, वीज येईल तेव्हा दारं धरून सरीसरीनं पाणी दिलं. मुनिराच्या तळहाताची सालं निघाली. सर्जेराव मात्र बांधावर तंबाखू मळत, वारं कसं अचानक फिरलं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसायचे. करून सवरून नामानिराळे! माझं तर डोकं फिरायचं.

एका सकाळी सरीभर कोंब दिसले. मुनिरा सरीतच बसली आणि रडली.

बातमी ऐकून सर्जेराव भीमाला आणि आणखी चौघांना घेऊन आले.

"बघा! आगीनंच फुटलाय. म्या काय सांगत हुतो?"

"आबा, बुडखं आमी छाटलं," फारुक म्हणाला. "पानी आमी दिलं."

"त्ये खरं. पर आदी जळाया पायजे, गड्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुनिरा चिडून म्हणाली, "मंग तुमचं उपकारच म्हनायचं की!"

"उपकार कसलं, पोरी? शेजारधर्म हाय."

दुसऱ्याच दुपारी भीमानं आपल्या रानातलं पाचट पेटवलं. जाळ सर्जेरावांच्या कडब्याच्या गंजीकडं निघाला. फारुक ओलं पोतं घेऊन धावला, मागून मुनिरा. मीही त्यांच्यामागं धावलो.

सर्जेराव गोठ्यापुढं छाती बडवत होते. "आरं भीम्या, आक्कल हाय का तुला? कुनी सांगितलं पाचट जाळाया?"

फारुकनं त्यांच्याकडं न बघता जाळावर पोतं आपटलं.