पायरीवरचं वाक्य

जन्मतःच तोंड आंबट करून बघितलं म्हणून तिचं नाव पडलं लिंबू, आणि कॉलेजात गेली तरी ते काही सुटलं नाही. आईच्या पार्लरमध्ये ती केस झाडायची, टॉवेल वाळत घालायची आणि उरलेल्या वेळात लेखिका व्हायची.

सध्या तिला एका स्पर्धेनं पछाडलं होतं. शंभरेक वर्षांपूर्वी, महापुरात, गावातली एक तरुण शिक्षिका नदी पोहून पलीकडे गेली होती आणि तिथल्या लोकांना तिनं वेळेत टेकडीवर हलवलं होतं. पुलाशी तिचा पुतळा होता. तिच्या नावानं आता तरुणांसाठी लेखनस्पर्धा निघाली होती. एक पान, विषय ‘मी तिच्याकडून काय घेतलं’. पहिल्या आलेल्या लेखातलं एक वाक्य नदीच्या नव्या पायऱ्यांवर कोरणार होते. लिंबूला बक्षिसाचं काही नव्हतं, तिला ती पायरी हवी होती. येणारे-जाणारे आपलं वाक्य वाचताहेत, या कल्पनेनंच ती हरखून जायची.

"‘ती निर्भयपणे लाटांवर झेपावली,’" आईनं कात्री थांबवून लिंबूच्या पानावरचं मोठ्यांदा वाचलं. "वा! आणि लिहिणारी कोण, तर डोक्यावरून पाणी घेताना भिंत धरणारी."

हे खोटं नव्हतं. लहानपणी हौदात पडल्यापासून लिंबू पाण्याला वचकून होती. अर्थात आईही काही जलपरी नव्हती. सहलीला सगळे पाण्यात शिरले की ती काठावर बसायची आणि म्हणायची, "चपला सांभाळायला कुणीतरी नको का?"

बेसिनमध्ये डोकं मागे टाकून बसलेल्या गिऱ्हाईक बाई गावातल्या जलतरण तलावावर पोहायला शिकवायच्या. त्यांनी फेसातूनच विचारलं, "ती निर्भय होती हे तुला कुणी सांगितलं गं?"

लिंबूनं जरा विचार केला. "पुतळ्यानं. त्याच्या चेहऱ्यावर कुठे भीती आहे?"

"पुतळा कोरडा असतो," बाई म्हणाल्या. "सोमवारी ये तलावावर."

लिंबू जीव मुठीत धरून गेली. उथळ भागात तिच्या सोबतीला होती ती सगळी दुधाचे दात पडलेली मंडळी. पहिले काही दिवस तिनं कठडाच सोडला नाही. शेवटी एका चिमुरडीनं तिला धीर दिला, "ताई, मीपण आधी रडले होते." लिंबूला इतकी लाज वाटली, की तिनं नाक धरलं आणि तोंड पाण्यात घातलं. मग गटांगळ्या काय, ठसके काय, सगळं यथासांग झालं. एके दिवशी कठडा सुटला आणि ती चक्क तरंगली. आनंदाच्या भरात तरंगायचं विसरून पुन्हा बुडाली, तो भाग वेगळा.

घरी येऊन तिनं ओल्या केसांनीच नवं पान लिहिलं. आईनं दोन्ही वाचली.

"पहिलंच पाठव. दुसऱ्यात तू त्या शिक्षिकेला घाबरट म्हटलंयस. कोण कोरेल ते दगडावर?"

आईचं म्हणणं लिंबूला पटत होतं, आणि तिथेच गाडं अडलं होतं. पण पहिल्या पानातलं एकही वाक्य तिला आता आपलं वाटेना. शेवटच्या दिवशी तिनं दुसरं पान पाकिटात घातलं आणि मनातल्या मनात पायरीवर पाणी सोडलं. तिला वाईट वाटलं, पण हलकंही वाटलं.

परीक्षकांमध्ये म्हणे चांगलीच जुंपली. एकाला तो त्या शिक्षिकेचा अपमान वाटला. बाकीच्यांनी मात्र लिंबूलाच पहिलं ठरवलं.

पायऱ्यांच्या उद्घाटनाची भाषणं लांबायची तेवढी लांबली आणि मग सगळे पायऱ्यांवर उतरले. मधल्या पायरीवर कोरलं होतं, ‘तीही काठावर थांबली असेल, घाबरली असेल आणि मग उतरली असेल.’ खाली लिंबूचं खरं नाव होतं. ते वाचून शेजारीण म्हणाली, "ही कोण आणि?"

गर्दी पांगली. लिंबू खालच्या पायरीवर पोटऱ्यांएवढ्या पाण्यात उभी होती. आई मात्र अजून त्या वाक्यापाशीच होती.

"थंड आहे का गं?" आईनं विचारलं.

"आहे."

"खोल?"

"इथे नाही. आणि मी आहे ना."

आईनं चपला काढल्या, वाक्याशेजारी नीट जोडून ठेवल्या आणि मागे उभ्या असलेल्या तलावावरच्या बाईंना म्हणाली, "जरा चपलांकडे बघा हं."