न सापडलेली गळती

"बायकूचा फोटू खिशात नसला तरी चालंल, कृष्णात. बॅज छातीवर पायजे. दाव बघू."

प्रसेनजीत साहेबांचा बारा वर्षांपूर्वीचा हा आवाज कृष्णातच्या कानात अजून रोज सकाळी घुमतो. कॅन्सरच्या दवाखान्यात तो किरणोपचाराचं मशीन चालवायचा आणि साहेब त्या किरणांपासून तिथली माणसं जपायचे. अंगाला किती किरण लागले ते टिपणारा बोटभर बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जाई. नव्या पोरांना साहेब सांगायचे, "दिसत न्हाय, वास न्हाय, आवाज न्हाय. म्हणून न्हाईच असं समजायचं न्हाय."

ते साहेब महिन्यापूर्वी बसल्या जागी गेले. हृदय थांबलं.

आज कसबा बावड्यात त्यांच्या घरी त्यांचं पुण्यानुमोदन होतं. बुद्धवंदना झाली, माणसं चार शब्द बोलली, जेवून पांगली. साखर कारखान्याच्या मळीचा वास घरभर रेंगाळत होता. कृष्णातही उठला, पण साहेबांच्या बायकोनं, अक्षतावहिनींनी थांबवलं.

"भावजी, बसा जरा. एक द्यायचं हाय."

त्यांनी जाडजूड वही पुढं ठेवली. साहेबांचं किरटं अक्षर. प्रत्येक पानावर मशीनच्या खोलीचा नकाशा, भिंतींवर बारीक आकडे, वर तारीख. सगळे रविवार.

कृष्णातचा हात वहीवर टेकला नाही.

नऊ वर्षांपूर्वी त्याच्या बॅजचा आकडा भलताच वर गेला होता. साहेबांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं, "खरं सांग, बॅज कुठं इसरलावतास काय?" कंत्राटाची नोकरी, नूतनीकरण आठवड्यावर. तो म्हणाला होता, "न्हाय की साहेब. अंगावरच हुता."

रक्त तपासलं, ठीक निघालं. वरच्यांनी विषय मिटवला. साहेबांनी मिटवला नाही.

"चौकशीत त्यास्नी म्हनले, तुमचा माणूस खोटं बोलत आसंल," अक्षतावहिनी म्हणाल्या. "ह्ये म्हनले, माझा माणूस खोटं बोलत न्हाय. भिंतीतनंच कुठं तरी किरण निसटत्यात. मग काय, दर रविवारी मीटर घिऊन दवाखान्यात. लेकीच्या, अंतराच्या वाढदिवसाला सुदीक तिथंच. मी म्हनायची, त्या भिंतीसंगंच लगीन लावायचं हुतं."

हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.

भिंतीला टेकून बसलेल्या तानूबाईंनी डोळे उघडले. लेकाच्या मागं उरलेली ती म्हातारी जात्यावरची ओवी म्हणावी तशी, एकेक शब्द फिरवत बोलली.

"जायच्या आदल्या राती बी म्हनला, आई, माझ्या कृष्णातला कुठनं लागलं, मला गावलं न्हाय. उद्या दुसऱ्या कुणाला लागलं तर? त्येचा जीव त्या भिंतीत आडकला रं बाळा." तिनं वही त्याच्याकडं सरकवली. "आता तू शोध. तुझ्याच अंगाला झळ लागल्याली. तुला गावंल."

बाहेर उसाची ट्रॉली गेली. कृष्णातनं वही उचलली. वही घेऊन उठता आलं असतं. रविवारी मीटर घेऊन भिंतीशी उभंही राहता आलं असतं.

त्यानं वही दोन्ही हातांनी तानूबाईंच्या मांडीवर परत ठेवली.

"मावशी, भिंतीत कायबी न्हवतं," तो म्हणाला. "बॅज लावल्याला एप्रन मशीनच्या खोलीत टांगून मी चार दिस राधानगरीला लग्नाला गेलतो. साहेबांनी इचारलं, तवा मी खोटं बोललो."