पातेल्यात राहिलेला चमचा

मी एक चमचा आहे. स्टीलचा, जेवणाचा, दांड्यावर दोन पानांची नक्षी असलेला. मी कुणाची खुशामत करत नाही. उलट स्वभावानं जरा तिरसटच आहे. दिवसातून चार वेळा दुसऱ्यांच्या तोंडात जायची पाळी आली असती तर तुम्हीही तसेच झाला असता.

तोंड म्हणजे काय चीज आहे, हे माणसांना ठाऊकच नसतं. ती एकमेकांकडे बघून गोड हसतात. मी आत जातो. दाढेत अडकलेला कालचा दाणा, जिभेवरचा पांढरा थर, पडजिभेमागून येणारी ढेकर, सगळं मी जवळून पाहिलंय. काय सांगू, शी!

आम्ही सहा भावंडं एका खोक्यातून या घरात आलो. आईनं आणलं आम्हाला. आई म्हणजे या घरातली आई. एक भाऊ मोरीच्या जाळीतून गेला, एक शेजाऱ्यांच्या डब्यातून गेला तो परतलाच नाही, बाकीचे असेच पांगले. मी उरलो, कारण आईनं मला चव बघायला ठेवलं होतं. ती मीठ दोनदा घालायची. अर्धं फोडणीला, अर्धं उतरवताना, आणि मधे मला बुडवून चाखायची. चाखताना डोळे मिटायची. तिच्या तोंडाबद्दल मी वाईट बोलणार नाही.

बाबा कंपाउंडर होते. तीस वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी बाटल्या भरल्या, पुड्या बांधल्या. कडू औषध मुलांच्या गळी कसं उतरवायचं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ‘रोग्याला कळता कामा नये’, हे त्यांचं आवडतं वाक्य. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी आईनं मटण शिजवलं. मला बुडवलं, चाखलं, आणि ओट्याला धरून खाली बसली. मग एकच धावपळ झाली. बाबा आणि लेक तिला खुर्चीवर बसवून उचलून नेत होते. दारातून जाताना ती म्हणाली, “पातेलं काढून ठेवा हो.”

“ठेवतो, ठेवतो,” बाबा म्हणाले, आणि दाराला कुलूप लागलं.

मी पातेल्यात होतो. चार दिवस.

पहिल्या दिवशी वरची चरबी गोठून पांढरी झाली आणि मी त्यात रुतलो. दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले. तिसऱ्या दिवशी काय आलं ते मी सांगितलं असतं, पण तुमचं जेवण व्हायचं असेल. एवढंच सांगतो की ते वळवळत होतं आणि माझ्या दांड्यावरून वर चढत होतं.

चौथ्या दिवशी दार उघडलं तेव्हा आई नव्हती. लेकीनं नाकाला ओढणी बांधली, पातेल्यात डोकावली आणि तिथेच भडभडून ओकली. पातेलं तिनं उचलून तसंच कचऱ्यात टाकलं, माझ्यासकट. बाबांनी मला कचऱ्यातून काढलं. “हा तिच्या हातातला शेवटचा,” एवढंच म्हणाले, आणि मला तीनदा उकळलं.

त्या दिवसापासून लेकीनं मटण-मासे, अंडं, सगळं सोडलं. बाबांनीही तिच्याबरोबर सोडलं. मला तर आनंदच झाला. नऊ वर्षं मी दुधी भोपळ्यात, भातात, डाळीत सुखानं लोळलो. दुध्याला नावं ठेवणारी माणसं मला कळत नाहीत. त्याच्याइतकं सभ्य या जगात दुसरं काही नाही.

मग बाबांचं हृदय थकलं. पायांवर सूज येऊ लागली. डॉक्टरांनी मीठ मोजून दिलं, पण मनाला वाटलं तर कधीमधी मटणाचं सूप घ्यायला हरकत नाही, असंही म्हणाले. बाबांनी तेवढंच बरोबर उचललं.

“मने,” ते लेकीला म्हणाले, “मला सूप दे करून. पण एक अडचण आहे. या गोळ्यांनी माझी जीभ मेली. मीठ कमी की जास्त, मला काही कळत नाही. तुला चाखून द्यावं लागेल.”

“मी? बाबा, मला वासानंच ढवळतं. मोजून घालीन ना.”

“मोजून कसं कळणार? आटलं की खारट होतं. माझ्या हृदयाचा प्रश्न आहे बाई, मला काय!”

लेक कबूल झाली. ती एका दुकानात कपडे लहानमोठे करून देण्याचं काम करायची. संध्याकाळी येताना तिनं काळ्या पिशवीतून मटण आणलं, हात लांब करून, जणू पिशवी चावेल. मला ड्रॉवरमधून काढलं तेव्हा आम्ही दोघंही सारखेच शहारलो.

तो पहिला घोट मी विसरणार नाही. मी तिच्या तोंडात गेलो आणि तिची जीभ मागे सरकली, घशाशी जाऊन दडून बसली. डोळ्यांत पाणी आलं. तिनं गिळलं. मग मी बाबांच्या वाटीत गेलो, आणि त्यांच्या तोंडात.

तिथे मला कळलं की हा माणूस पक्का लबाड आहे. मेलेली जीभ अशी नसते. ती दुकान उघडल्यासारखी उघडली, रस्सा टाळूला लावून घोळवला, मीठ ओळखलं, मिरी ओळखली. आणि वर तोंड वाकडं करून हा गृहस्थ म्हणतो, “काही कळत नाही गं. गरम पाणी प्यायल्यासारखं वाटतं.”

कशासाठी हे सोंग, ते हळूहळू लक्षात आलं. आज म्हणायचे, “चमचाभर चाखून काय कळतं, अर्धी वाटी पी.” उद्या म्हणायचे, “मला एवढं जात नाही, तू संपव, टाकू नकोस.” मात्रा वाढवत होते. कंपाउंडरच तो.

पंधरा दिवस लेक बिचारी चाखत राहिली. नाक दाबून, डोळे मिटून. माझी तर रोज परीक्षा. चरबी माझ्या पोटाला चिकटायची, कितीही घासलं तरी एक ओशट थर राहायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुध्याला भेटायची मला लाज वाटायची.

आणि एका संध्याकाळी विचित्रच झालं. मी तिच्या तोंडात गेलो आणि जीभ मागे सरकली नाही. पुढे आली. तोंडाला पाणी सुटलं होतं. मिटलेले डोळे तिनं तसेच मिटून ठेवले, अगदी आई ठेवायची तसे. मग एकदम भानावर आली. मला ओट्यावर आपटलं आणि मोरीत जाऊन घशात बोटं घातली. तिला मटणाची आली नसेल एवढी शिसारी स्वतःची आली होती.

त्यानंतर तिनं चाखणं बंद केलं. मला पातेल्यात बुडवायची, ओठांजवळ न्यायची आणि तोंड फिरवून सिंकमध्ये ओतायची. तिच्या वाटीतलंही तिथेच जायचं. पातेल्याकडे तर बघतही नव्हती. आईच्या सवयीनं मीठ दोनदाच घालायची, पण अर्धं-अर्धं हे न बघता कसं जमणार? दोन्ही वेळा मुठीनं पडायचं.

पहिल्याच दिवशी बाबांची जीभ आक्रसली. चमचा मी, मला कळणार नाही? नुसतं मिठाचं पाणी होतं ते.

“मने, चाखलंस ना?” बाबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

“हो. बरोबर आहे.”

“नीट चाखलंस?”

“हो म्हटलं ना, बाबा!”

आता बोलावं तर सोंग उघडं पडतं. “मग बरोबरच असेल,” असं म्हणून त्यांनी वाटी संपवली. दुसऱ्या दिवशीही तेच. आज ना उद्या ही खरंच चाखेल, या आशेवर तो म्हातारा आठवडाभर मीठ पीत राहिला, आणि ती समोर बसून खोटं बोलत राहिली. मला ओरडता आलं असतं तर शेजारी गोळा झाले असते. असे हट्टी बाप-लेक शोधून सापडायचे नाहीत. संताप येत होता मला त्यांचा.

आठव्या दिवशी दुपारी बाबांनी वाटी संपवली, लेकीनं मला परत पातेल्यात ठेवलं. बाबा उठले, आणि भिंतीला टेकले. धाप थांबेना. पाय नळकांड्यासारखे सुजलेले. लेक धावली, शेजारच्या ड्रायव्हरनं गाडी काढली. तिनं गॅस बंद केला, चपला न घालताच निघाली आणि कुलूप लावलं.

मी पातेल्यात होतो.

कुलपाचा तो आवाज! तुम्हाला वाटेल, स्टीलला कसली भीती? मी सांगतो, कसली ते. चरबी गोठू लागली. हळूहळू, कडेकडून आत. संध्याकाळपर्यंत मी गळ्यापर्यंत रुतलो. सकाळी खिडकीतून एक माशी आली, माझ्या दांड्यावर बसली आणि पुढचे पाय चोळू लागली. मी दिवस मोजायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी दार उघडेल, आणि आत येणारं माणूस एकटंच असेल.

पण दार दुसऱ्याच दिवशी दुपारी उघडलं. लेक होती. चेहरा उतरलेला, पायात कुणाच्या तरी मोठ्या चपला. बाबांचे कपडे न्यायला आली होती. पिशवी भरत होती तोच फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

“ताई, मी वॉर्डातली मावशी बोलतेय. घाबरू नका, बाबा बरे आहेत. जीव खाल्लाय नुसता माझा, फोन लाव, फोन लाव. म्हणतायत, गॅसवरचं पातेलं आधी रिकामं करा. न विसरता.”

“हो, करते.”

“आणि भूक लागली तरी त्यातलं खाऊ नका म्हणे. फार खारट झालंय. आठवडाभर खारटच होतंय म्हणे.”

लेक पिशवी हातात घेऊन उभी राहिली. “काय म्हणाले? परत सांगा.”

“खारट म्हणाले, ताई. खारट.”

फोन बंद झाला. ती पातेल्याशी आली. झाकण नव्हतंच. मला दांड्याला धरून उपसलं तेव्हा पचकन आवाज झाला आणि पांढरा थर फुटला. तिनं मला तसंच, गार, बुळबुळीत, तोंडात घातलं. आठ दिवसांत पहिल्यांदा खरंच चाखलं. आणि सिंककडे धावली. पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. मग तिथेच जमिनीवर बसून ती इतकी रडली की मलाच कसंतरी झालं.

पातेलं मात्र या वेळी तिनं फेकलं नाही. ओतलं, घासलं. मलाही गरम पाण्यानं तीनदा घासलं आणि मऊ भाताच्या डब्याबरोबर पिशवीत टाकलं.

दवाखान्यात गेल्या गेल्या ती बाबांना म्हणाली, “जीभ दाखवा.”

बाबांनी गुमान जीभ काढली.

“चव कधीपासून लागते?”

“जन्मल्यापासून.”

शेजारच्या खाटेवरचा पेशंट हसला. लेक हसली नाही.

“मेला असतात म्हणजे? कशासाठी हे सगळं?”

“साड्यांखाली कुणी रक्ताचा रिपोर्ट लपवून ठेवतं का गं? कंपाउंडर आहे मी, अंगात रक्त किती कमी झालंय ते आकडे वाचता येतात मला. मशीनवर बसल्या बसल्या तुला चक्कर येते, दुकानातल्या बाईंनी सांगितलं. गोळ्या आणल्यास त्या ड्रॉवरमध्ये तशाच. मटण खा म्हणून सरळ सांगितलं असतं तर खाल्लं असतंस?”

“नाही.”

“मग!”

ती चादरीचा दोरा ओढू लागली. मग हळूच म्हणाली, “मला आवडलं होतं, बाबा. एक दिवस. चक्क आवडलं. आईचं ते पातेलं डोळ्यांसमोर असून आवडलं. म्हणून चाखायचं सोडलं मी. स्वतःचीच घाण वाटली.”

बाबांनी तिचा हात धरला. “ते पातेलं तुझं नव्हतं, मने. ती मला सांगून गेली होती, काढून ठेवा. मी हो म्हणालो आणि ठेवलं नाही. नऊ वर्षं माझी चूक तू ताटात घेऊन बसलीयस.”

नंतर भात भरवायला तिनं मला काढलं. बिनमिठाचा भात. बाबांनी तोंड वाकडं केलं, आणि या वेळी ते खरं होतं.

आता मी म्हातारा झालोय. दांड्यावरची पानं झिजली. बाबा घरी आहेत, दुधी खातात आणि कुरकुरतात. लेक रोज गोळी घेते आणि रविवारी स्वतःसाठी मटण करते. अर्धं मीठ आधी, अर्धं उतरवताना, मधे मी. मी तिच्या तोंडात जातो तेव्हा जीभ आधी मागे सरकते, मग पुढे येते. दोन्ही खरं आहे. बाबा दरवेळी विचारतात, “कसं झालंय?”

“घाण,” ती म्हणते, आणि मला पुन्हा वाटीत बुडवते.

मला विचाराल तर माझं तिच्याशी पूर्ण एकमत आहे. चरबी ती चरबीच. पण तिच्या ओठांना अलीकडे रंग आलाय, तो मी सगळ्यांत जवळून पाहतो, म्हणून गप्प बसतो. वाटी संपली की पाणी प्यायच्या आधी ती मला कढत पाण्यानं धुते आणि उलटा करून वाळत ठेवते.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही काय खाता ते तुमचं तुम्ही बघा, खोटं बोलून खाऊ घालू नका आणि न चाखता चाखलं म्हणू नका. आणि कधी घाईनं घराबाहेर पडायची वेळ आलीच, कुणाला उचलून न्यावं लागलं, तरी एक क्षण मागे वळा. चमचा पातेल्यातून काढा. मग कुलूप लावा.