लाल गाडीचं ॲव्हरेज

फोनवर पोरगं म्हणालं, "अप्पा, गाडी लई पेट्रोल पिती. लिटरला आठसुद्धा देईना. सारखं सारखं येणं परवडत न्हाई."

मी म्हणलं, एवढंच हाय का? मंग तर सोपं हाय! उभा जन्म जळकोटात डिझेल इंजनं अन् पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेला माझा. तालुक्यात कुणाचं इंजन जादा तेल खायला लागलं की ते माझ्याच, पंचाक्षरीच्या दुकानात येतं. अन् माझ्याच लेकराला गाडी पेट्रोल खाती म्हणून घर बघायला मिळंना? आग लागो माझ्या कारागिरीला.

आमची कारभारीण महादेवी भाकरी थापता थापता म्हणाली, "डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? श्रीशैल पेट्रोलमुळं येईना व्हय?"

"मंग कशामुळं?"

तिनं निस्ती भाकरी उलथली. तिला माहीत हाय, मला माहीत हाय, गल्लीला तर आमच्या आधी माहीत झालं. मागल्या वर्षी श्रीशैलचा घटस्फोट झाला. सृष्टी, आमची सून, लई गुणी पोरगी. दोघं हैदराबादेत नोकरीला. दोघांचं जमलं न्हाई, मोकळे झाले. त्याच्यानंतर ह्यानं ही लाल गाडी घेतली. जुनीच, दोन दारांची, रेसमधी पळवत्यात तसली, पोट जमिनीला लागंल इतकी खाली. तवापासून ह्यो निस्ता सणाला येतो. अन् आला की गल्ली दारात हजर. "काय झालं म्हणं?" "चूक कुणाची?" "दुसरी बघायची का?" पोरगं जेवण अर्धवट टाकून माडीवर जातं अन् सकाळी उठून निघून जातं. त्याची आई दिवसभर त्याच्या ताटाकडं बघत बसती.

आता असल्या लेकराला बापानं काय बोलावं, हे मला कुणी शिकवलं न्हाई. मी तोंड उघडलं की शिवी तरी निघती न्हाईतर हिशोब. ॲव्हरेजचं मात्र मला कळतं. म्हणून मी ॲव्हरेज धरलं.

दिवाळीला आला तसा सकाळीच गाडीभोवती एक चक्कर मारली. टायर बघितले. हे एवढे रुंद! अन् हवा बी कमी.

"ही गाडी हाय का रोडरोलर?" मी म्हणलं. "असल्या टायरवर गाडी घासत चालणार, मंग पेट्रोल पिणार न्हाई तर काय? अन् मागं ही फळी कशाला बसवलीस? कपडे वाळू घालायला?"

"अप्पा, ती स्पीडला गाडी दाबून धरती."

"हैदराबादेच्या ट्रॅफिकमधी?"

पोरगं हसलं. खरं सांगतो, लई दिसांनी हसलं. मला असा हुरूप आला की बोनेट उघडून एअर फिल्टर बाहेर काढला. चुलीच्या मागच्या भिंतीसारखा काळा झाल्ता. "श्वास कोंडलाय हिचा," म्हणलं. "नांदेडला चल. रविकिरणच्या गॅरेजात हिला माणसात आणू. अन् डिक्की उघड, फालतू वजन असंल तर आत्ताच उतरव."

"डिक्कीत काय न्हाई अप्पा."

तोवर माझा हात खटक्यावर गेल्ता. आत दोन खोकी, सुतळीनं बांधलेली. आमच्या महादेवीनं लग्नात दिलेला मिक्सर. हिरव्या काठाची बायकी छत्री. अन् पिशवीत गुंडाळलेल्या लेडीज चपला.

मी श्रीशैलकडं बघितलं. तो खाली बघू लालता, लहानपणी पाटी फुटल्यावर बघायचा तसा. चांगलं पोतंभर वजन व्हतं. पोतंभर वजन घेऊन हे लेकरू वर्षभर हिंडू लालंय, अन् मी टायरची हवा मोजू लालोय.

मी हळूच डिक्की लावली. "राहू दे," म्हणलं. "एवढ्यानं काय फरक पडत न्हाई."

फरक पडतो. कोणत्याबी ड्रायव्हरला इचारा.

नांदेडला जाताना गाडी त्यानंच चालवली. चालवली कसली, हाणली. मोकळा रस्ता दिसला की दाबायचं, ट्रक आडवा आला की करकचून ब्रेक. मी कंधारपर्यंत बोललो. "अरे, पुढं गतिरोधक दिसू लालाय, आत्ताच पाय काढ की! ब्रेक मारला म्हंजी जाळलेलं पेट्रोल वाया गेलं. गाडीला पळू दे तिच्या मनानं." तो हां हां करत व्हता. बाकी मी काय इचारलं न्हाई.

रविकिरण माझ्या जुन्या ओळखीचा. त्यानं बारीक टायर बसवले, प्लग बदलले, फिल्टर नवा टाकला, फळी काढून बाजूला ठेवली. मंग गाडी हलवून बघितली अन् म्हणाला, "अप्पा, मागं जड लागती. डिक्की खाली करू का?" अन् सरळ खटक्याला हात.

"डिक्कीला हात लावायचा न्हाई!"

एवढ्यानं वरडलो की पलीकडं पाना फिरवणारा माणूस थांबला. रविकिरण दचकून मागं सरकला. "का हो, सोनं हाय का आत?"

"हाय. तुला काय करायचंय?"

श्रीशैल चहा पीत व्हता. त्यानं कप खाली ठेवला अन् माझ्याकडं बघितलं. मी नळावर जाऊन हात धुवायला लागलो. हात काय घाण नव्हते.

येताना मी म्हणलं, आता मी चालवतो, तू बघ. त्या गाडीत बसायचं म्हंजी विहिरीत उतरायचं. आधी एक पाय, मंग कंबर, मंग "अयाया" करत दुसरा पाय. गळ्यातलं इष्टलिंग नीट बेल्टच्या आत घेतलं अन् निघालो. टॉप गिअर, पाय निस्ता टेकवलेला, एका चालीनं. टायर गोल फिरू लालते, इंजन गुमान चालू लालतं. लोहा आलं तवा काट्याजवळच्या ॲव्हरेजच्या पट्टीवर अकरा दिसलं. कंधारला बारा. पुढं तेरा! मला लई आनंद झाला.

"बघ! बघ, तेरा! अन् हैदराबादेच्या रस्त्याला चौदाच्या खाली आली तर नाव बदल माझं."

तो पट्टीकडं बघत नव्हता.

"अप्पा, तुम्ही इचारलं न्हाई."

"काय?"

"डिक्कीतलं."

"मला काय करायचंय इचारून? सामान हाय."

त्यानं खिडकीची काच खाली केली. मंग म्हणाला, "ती म्हणाली व्हती, सामान न्यायला येते. आली न्हाई. मला टाकवेना, घरात बी ठेववेना. म्हणून घेऊन हिंडतोय." मंग खिडकीकडं तोंड करून म्हणाला, "घरी यायचं म्हणलं की नको वाटतं. सगळ्यांना तिचं वाईट ऐकायचं असतं. तिचं वाईट काय सांगू मी, अप्पा? ती वाईट नव्हतीच."

मला हिशोब सुचंना, शिवी बी सुचंना. जे व्हतं ते तोंडातून निघालं. "मला बी लई आवडायची ती पोर."

तेवढं ऐकलं अन् एवढा बाप्या गडी हमसून हमसून रडला. मी पन्नासच्या वर गाडी जाऊ दिली न्हाई. उसाचा ट्रॅक्टर सुद्धा हॉर्न मारून पुढं गेला, जा म्हणलं बाबा. हळूहळू ह्याचा आवाज जाग्यावर आला अन् हा बोलायला लागला. पैल्या घराचं सांगितलं. दोघं एका ताटात जेवायचे ते सांगितलं. मंग जेवताना बोलणं कसं बंद झालं, कवा झालं, ते दोघांनाबी कसं कळलं न्हाई, ते सांगायला लागला. वर्षभरात त्यानं फोनवर जेवढं सांगितलं न्हाई तेवढं त्यानं त्या रस्त्यावर सांगितलं. मी निस्तं "हं" म्हणत व्हतो.

जळकोट आलं. आमचं घर रस्त्यालाच लागून हाय. लांबूनच दिसलं, महादेवी दारात उभी, अन् वट्ट्यावर गल्लीतल्या चार बाया, दोन गडी. गाडी कशी झाली ते बघायला आले असतील, असं वाटलं तर वाटून घ्या. श्रीशैलनं सुद्धा बघितलं. बोलता बोलता मधीच थांबला, बाहीनं तोंड पुसलं, अन् त्याचा चेहरा आमच्या दुकानाच्या शटरसारखा खाली आला.

मी पाय दाबला. पुरा दाबला. गाडी अशी डरकाळी फोडून उसळली की वट्ट्यावरच्या बाया उभ्या राहिल्या. महादेवीचा हात कपाळाला गेला. पट्टीवरचा तेराचा बारा झाला, अकरा झाला, दिवसभर जपलेलं सगळं गेलं.

"अप्पा! घर मागं गेलं की!"

"जाऊ दे," मी म्हणलं. "तू बोल."

अन् उदगीरचा रस्ता धरला.