घरची नान

"ओपा, तुमच्या मालकांना जरा दमानं घ्यायला सांगा. खोकं फाटलं तर टी-शर्ट पोलंडला उघडेच जातील!"

शिलाईच्या रांगेतल्या मुली खिदळल्या. ओयदिनही हसली; रांगेतल्या सगळ्या तिला 'ओपा', म्हणजे ताई, म्हणत. खिडकीखाली तिचा नवरा तोल्किन ट्रकमध्ये खोकी चढवत होता. त्याने ऐकलं असावं. वर मात्र पाहिलं नाही.

लग्नानंतर वर्षभरातच तो रशियात बांधकामावर गेला होता. त्यांच्या कोकंद शहरातले निम्मे पुरुष तिकडेच. मग शहराबाहेर हा कारखाना आला. पूर्वी इथला कापूस गाठी बांधून परदेशी जायचा. आता त्याचं सूत, कापड आणि टी-शर्टही इथेच होऊ लागले. ओयदिन धागे कापायला लागली, ती हळूहळू रांगेची प्रमुख झाली. घरात नळ आला, हिवाळ्यात खोल्या उबदार राहू लागल्या. फोनवर ती एकच सांगायची, "आता या ना. इथंही काम आहे."

वसंतात तो आला आणि तिच्याच कारखान्यात हमालीला लागला. दोघांनाही एकट्याने झोपायची सवय. रात्री एकमेकांना धक्का लागला की दचकायचे.

मुली खिदळल्या त्या संध्याकाळी तो चहा पुढ्यात घेऊन बसून राहिला.

"तिकडं मी मिस्त्री होतो, ओयदिन. भिंत उभी राहिली की कळायचं, ही माझी."

"मग मशीनवर बसा. मी शिकवते."

"तू?" तो थकून हसला. "तुझं छान चाललंय. माझ्यावाचून काय अडतंय?"

"जेवताना समोर कुणी नसतं."

त्याने चहाचा पेला बाजूला सारला. मग म्हणाला, "तिकडं घर आठवतं गं. इथं आलो की पाहुण्यासारखं वाटतं."

कापूसवेचणीच्या दिवसांत तो परत रशियाला निघाला. तिने पहाटे नान भाजली. निघणाऱ्याने एक घास तोडायचा आणि उरलेली नान तो परत येईपर्यंत भिंतीवर टांगून ठेवायची, ही तिथली रीत. तिने ती पुढे धरली. त्याने नानेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"राहू दे. ताजी आहे, तू खा."

तो गेल्यावर ती नान फडक्यात बांधून कामावर गेली. माल त्याच दिवशी जायचा होता. दुपारच्या सुट्टीत तिने फडकं सोडलं आणि नान मुलींपुढे मोडली.

"घरची नान! आज काय विशेष, ओपा?"

"काही नाही. खा," ती म्हणाली आणि एकेकीच्या पेल्यात चहा ओतत राहिली.