अकरा फूट भिंत

"तिथून आधी उठा. मग काय ते बोला."

मी दरडावल्यावर बाई उठली, पण घाबरून नाही. माझ्या घरामागच्या दगडी भिंतीशी, समुद्राच्या बाजूनं, ती गुडघे टेकून बसली होती. चाळिशीची असेल. जाड चष्मा, गळ्यात भिंग, हातात बॅटरी. भर दुपारी बॅटरी कशाला, हे मला पहिल्यांदा खटकलं.

"काकू आहेत का?" तिनं विचारलं.

"कुठल्या काकू?"

"या घरातल्या. निळी छत्री घेऊन यायच्या."

निळी छत्री आमचीच. "तिला जाऊन पाच महिने झाले," मी म्हणालो.

तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी वर्षाअखेरीपासून बाहेर होते. त्यांचा फोन लागेना, म्हणून आले..." बोलता बोलता तिचा हात भिंतीवर गेला आणि तिथंच थांबला. "हे सिमेंट कधी भरलंत?"

"भिंत माझी आहे. मला वाटेल तेव्हा भरीन."

मी गवंडी. बंदराच्या धक्क्यावर तीस वर्षं दगड बसवले. भिंतीत फट दिसली की माझे हात शिवशिवतात. घरामागची भिंत मी वर्षाआड दरजा भरून पक्की ठेवायचो. दोन दगडांमधली एक दरज सोडायचो नाही. फक्त पायऱ्यांजवळचे अकरा फूट बायकोनं कधी भरू दिले नाहीत. "तेवढं राहू द्या. सिमेंटच्या वासानं माझं डोकं उठतं." उरलेल्या साठ फुटांनी तिचं डोकं कधी उठलं नव्हतं.

"काका, इथं एक जीव राहतो," बाई म्हणाली. "नखाएवढा, राखाडी, चौदा पायांचा. या सबंध किनाऱ्यावर फक्त दोन ठिकाणी सापडलाय. त्यातलं एक म्हणजे ही भिंत. काकू आम्हा संशोधकांना तो मोजून द्यायच्या. नऊ वर्षं."

"माझी बायको किडे मोजायची?"

"किडा नाही तो. खेकडा-कोळंबीच्या नात्यातला आहे."

"मग खातात का?"

"कुजलेलं शेवाळ खातो."

"तसं नाही हो. माणसं खातात का त्याला?"

"नाही."

"मग मोजायचा कशाला?"

तिला हसू आलं, तिनं ते गिळलं. माझा संशय आणखी वाढला. मी ओळखपत्र मागितलं. तिनं दाखवलं. शिक्का होता, फोटो होता. शिक्के काय, कुणीही मारतो. मी तिला वाटेला लावली. जाताना तिनं पत्त्याचा कागद पायरीवर दगडाखाली ठेवला.

संध्याकाळी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. बहीण गेल्यापासून एक दिवसाआड येतो, चहा पितो आणि मला सल्ले देतो. त्याला बाईचं सगळं सांगितलं.

"दाजी, सही केली नाहीत ना कुठं?"

"नाही."

"करूही नका. ही माणसं आधी किडे मोजतात, मग घरं. वर्षभरात नोटीस येईल, जागा राखीव आहे, सामान हलवा."

"पण ती छत्रीचा रंग सांगत होती."

"पाळत ठेवली असेल. आणि ताई किडे मोजेल? झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायची ती!"

हे खरं होतं. मेहुण्याला मी जे बोललो नाही, ते वेगळं होतं.

महिन्यातून एकदा, मोठी ओहोटी असली की ती छत्री उचलून मागे जायची. "तुम्ही येऊ नका. जरा माझं मला बसू द्या." तासाभरानं यायची ती गुडघ्यांना वाळू लागलेली. एकदा मी वरून डोकावलो. ती भिंतीला तोंड लावून काहीतरी पुटपुटत होती. परत आल्यावर विचारलं, तर म्हणाली, "पाय मोकळे करत होते." गुडघ्यांवर बसून कोण पाय मोकळे करतं? मी पुढे विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून ते माझ्या डोक्यात बसून राहिलं. ती गेल्यावर तर दुसरं काही सुचेना. तिनं त्या भिंतीत काहीतरी लपवलंय. चिठ्ठ्या असतील. कुणी दिलेली वस्तू असेल.

ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी लोखंडी तार घेतली आणि अकरा फुटांतली एकेक फट उकरली. तळापासून वरपर्यंत. काही निघालं नाही. राखाडी किडे तेवढे सैरावैरा पळाले आणि पुन्हा आत शिरले. मग मला माझीच लाज वाटली. त्याच दुपारी एकास तीन सिमेंट-वाळूचा माल कालवला आणि सगळ्या फटा बुजवून टाकल्या.

रात्र कशीबशी गेली. सकाळी पत्त्याचा कागद घेऊन मी निघालो. बाई खोटी निघाली तर तिला चार शब्द सुनावायचे, असं ठरवून.

पत्त्यावरच्या इमारतीच्या मागच्या अंगाला एकच खोली. टेबलावर काचेचे डबे, त्यात ओला कागद आणि सालींचे तुकडे. सिंकमध्ये न धुतलेले दोन कप. बाईनं मला स्टुलावर बसवलं आणि कपाटातून जाड वही काढली.

अक्षर बायकोचं होतं. ती 'च' पोट फुटल्यासारखा काढायची, तसाच. तारीख, वारा, ओल, आकडा. सतरा. एकवीस. चौदा, मोठे चार. मधेच एका ओळीत, "एकीच्या पोटाखाली पिशवी आहे, त्यात पिल्लं. हात लावला नाही."

"माद्या पोटाखालच्या पिशवीत पिल्लं वाढवतात," बाई म्हणाली. "ते सगळ्यात आधी काकूंनाच दिसलं. पहिल्या दिवशी खूप किळस आली होती त्यांना. डोळे मिटून मोजते म्हणाल्या."

"आणि मोठ्यानं मोजायची का?"

"पुटपुटून. नाहीतर आकडा चुकतो."

मी वही बंद केली. पुन्हा उघडली.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

बाई जरा अवघडली. "मी म्हणत होते, काकांना सांगा. त्या म्हणायच्या, सांगितलं तर ऐकतील हो. उद्याच या बिचाऱ्यांना चांगलं पक्कं घर बांधून देतील आणि हे आत गुदमरून मरतील."

मला हसू आलं. बरोबर ओळखलं होतं तिनं. मी तेच केलं असतं, वर प्लास्टरही केलं असतं. मग हसू गेलं.

"मीच बुजवलं," मी म्हणालो. "चार महिने झाले. काहीतरी शोधत होतो, आणि मग बुजवलं."

काय शोधत होतो, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगू शकलो नसतो.

"त्यांना श्वासाला ओल लागते," एवढंच ती म्हणाली. "चार महिने म्हणजे खूप झाले. पण दगडांच्या मागं वाट असेल तर... फोडून बघायला हवं. हळू. ठोके आत जाता कामा नयेत."

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागल्याबरोबर मी बसलो. मोठी हातोडी चालणार नव्हती. बारीक छिन्नी घेतली आणि हाताच्या दाबानं सिमेंट खरवडत राहिलो. काम माझंच होतं. कुठं पोकळ वाजेना. दिवसाला फूटभर, कधी त्याहून कमी. बोटांची सालटी निघाली.

चौथ्या दिवशी मेहुणा पायऱ्यांवर येऊन उभा राहिला. "दाजी, लोक हसतायत. स्वतःचं काम स्वतःच फोडणारा गवंडी बघितला नव्हता कुणी."

"आता बघितला ना? मग ती बादली दे इकडं."

कुरकुरत त्यानं बादली दिली. नंतर बाजूला बसला, आणि ओलं फडकं धरायला लागला. वहीत बहिणीचं अक्षर बघितल्याचं मी त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं फडकं पुन्हा बादलीत बुडवलं. "खुर्चीवर चढायची हो ती," एवढंच म्हणाला.

बाराव्या दिवशी सगळे अकरा फूट मोकळे झाले. बाई दोनदा येऊन गेली. वाट बघा म्हणाली. पुढच्या मोठ्या ओहोटीला मोजणी करायची होती. त्या दिवशी बाई बाहेरगावी असणार होती. "काका, तुम्हीच मोजा आणि फोनवर सांगा."

त्या दिवशी मेहुण्यानं बॅटरी धरली आणि मी गुडघे टेकले. प्रत्येक दरज दोन्ही बाजूंनी बघितली. तासभर लागला. शेवाळ होतं, ओल होती, एक रिकामं कवच होतं, कागदाहून पातळ. टाकलेली कात की मेलेल्याचं कवच, मला कळेना.

मी फोन काढला.

"दोन-तीन सांगून टाका," मेहुणा हळूच म्हणाला. "कोण बघायला येतंय? नाहीतर बंद करतील ते सगळं. ताईचं नाव तेवढं राहील वहीत."

फोन लागला. "बोला काका. किती?"

मी तारीख सांगितली. वारा सांगितला. ओल आहे म्हणालो.

"आणि आकडा?"

"शून्य," मी म्हणालो.

पलीकडं पेन थांबल्यासारखं वाटलं.

"लिहा," मी म्हणालो. "पुढच्या ओहोटीला परत मोजतो."