लाईन कोण देतं

हंडा भरून सांडू लागला, तरी नळ कोणी बंद करेना. दापोडीच्या त्या बोळात पाणी एक दिवसाआड येई. अशा ऐन वेळी बायकांचं बोलणं मध्येच तुटावं, हे अघटितच होतं. सगळ्या जणी रुक्मिणीबाईंकडे बघत होत्या आणि रुक्मिणीबाई तियागोकडे.

तियागो लिस्बनहून आलेला. शहरांची पाणीव्यवस्था शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक. या नळाला मुख्य वाहिनीतून जोड कुठून मिळतो, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. आठवडाभर घोकलेला प्रश्न त्याने स्वच्छ उच्चारात, अदबीने विचारला होता.

"आजी, तुम्हाला लाईन कोण देतं?"

मोजमापाच्या टेपचं टोक धरून समोर उभ्या असलेल्या मिनलने डोळे मिटले. ती त्याची दुभाषी, पिंपरीच्या कॉलेजातली. येत्या रविवारी त्याचं विमान होतं. इतक्या दिवसांत तो तिच्याशी उतार, दाब आणि गळती यांपलीकडे एक अक्षर बोलला नव्हता. आणि ते एक अक्षर ऐकण्यासाठी ती रोज सकाळी आरशासमोर जरा जास्तच वेळ थांबू लागली होती.

रुक्मिणीबाईंनी शांतपणे पदर खोचला. "आमचे मालक गेल्यापासून कुनीच देईना, त्यागराव. तू देतूस का?"

"मी नाही, आजी," तियागो गंभीरपणे म्हणाला. "महापालिका देते."

बोळात हशा फुटला. एकीच्या हातून कळशी निसटली आणि घरंगळत गटारापर्यंत गेली. दुसरी भिंतीला टेकून खाली बसली. हसू असं एका दारातून दुसऱ्या दारात शिरत गेलं, जणू आजवर कोरड्या राहिलेल्या घरांनाही आज अचानक पाणी आलं होतं.

चाकणची रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसमधून नुकताच उतरलेला शेजारचा बुद्धरत्न डबा काखोटीला मारून उभा होता. झोपेने जड झालेले त्याचे डोळेही उघडले.

"भावा, लाईन दोन प्रकारची असते," तो म्हणाला. "एक नळाची. तिला अर्ज करावा लागतो." मग त्याने समोरच्या रिकाम्या खिडकीकडे बघून भुवई उडवली, केसांवरून हात फिरवला आणि लाजल्यासारखी मान वळवली. "ही दुसरी."

तियागोला उलगडलं. आधी त्याचे कान लाल झाले, मग मान. मिनलने समजावून सांगायला हवं होतं. तो तिचा धर्मच होता. पण ती टेपवरचे आकडे असे वाचत बसली, जणू त्यात काही नवीन छापलं होतं.

तो बराच वेळ शब्द जुळवत राहिला. मग टेपची डबी छातीशी धरून तिच्याकडे वळला. तिनेच शिकवलेलं व्याकरण त्याने एकेक प्रत्यय सांभाळत वापरलं.

"मिनल, दुसऱ्या लाईनसाठी अर्ज कोणाकडे करायचा?"

या वेळी मात्र कुणीतरी हात लांबवून नळ बंद केला. एक शब्दही निसटायला नको होता.

"बोल की गं," रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या. "पानी जाईल."

मिनल वळली आणि बोळाच्या तोंडाकडे चालू लागली. चार पावलांवर तिने मागे बघून भुवई उडवली; टेपचं टोक तिच्या मुठीतच होतं. तियागोच्या हातातली डबी करकरत उलगडत राहिली.